गावाला सगळं ठाऊक असतं : छोट्या शहरातली किशोर भयकथा



गेल्या खेपेला व्याख्यान संपल्यावर एक बाई मागे थांबल्या होत्या. त्यांची मुलगी १४ वर्षांची. ती रात्री उशिरापर्यंत भयकथा वाचते आणि मग झोपताना ‘दार उघडंच राहू दे’ म्हणते. बाईंचा प्रश्न सरळ होता : ही पुस्तकं तिच्याकडून काढून घ्यावीत का? त्या दिवशी वेळ संपत आली होती. आम्ही म्हटलं, याचं उत्तर दोन वाक्यांत देऊन मोकळं होणं बरं नाही, पुढचं व्याख्यानच यावर ठेवू. तर आजचा विषय तो. किशोरवयीन मुलं जिचे नायक आहेत अशी भयकथा, आणि त्यातही तिचा एक ठरावीक प्रकार : छोटं शहर, वरून शांत, आतून काहीतरी बिघडलेलं.

एक सूचना आधीच देऊन ठेवतो. आज आपण काही कथांचे शेवट उघड करणार आहोत. त्याला इलाज नाही, कारण या कथांचा खरा अर्थ शेवटातच दडलेला असतो.

सांगाडा कसा असतो?

या प्रकारातली कुठलीही कथा घ्या, तिचा सांगाडा साधारण एकच असतो. शहर छोटं, म्हणजे आपल्या हिशेबाने तालुक्याचं गाव म्हणा. एक मुख्य रस्ता, एक शाळा, एक ग्रंथालय, एक पोलीस ठाणं. मग एखादं मूल नाहीसं होतं, किंवा बाहेरून कोणीतरी गावात येतं. मुलांच्या ते लक्षात येतं, मोठ्यांच्या येत नाही. मुलं आपापल्या परीने शोध घेतात, आणि शोधता शोधता कळतं की हे काही पहिल्यांदा घडत नाहीये. पूर्वीही घडलं होतं. गावाने ते पोटात घातलं आणि वर माती लोटली.

आता ‘भय’ आणि ‘थरार’ या दोन शब्दांतला फरक बघू. आपण ते एकाच अर्थाने वापरतो, पण कथेत त्यांची कामं वेगळी आहेत. भय विचारतं, ‘हे आहे तरी काय?’ थरार विचारतो, ‘आता वेळ किती उरलाय?’ नुसतं भय असेल तर कथा एका जागी थिजते. नुसता थरार असेल तर ती पळापळ होते. किशोरांसाठीच्या या कथा दोन्ही एकत्र बांधतात. समोर काय आहे ते कळत नाही, आणि ते कळून घ्यायला अमुक रात्रीपर्यंतचीच मुदत आहे. म्हणून पान उलटलं जातं, आणि बाईंच्या मुलीचा दिवा रात्री उशिरापर्यंत जळत राहतो.

शहर छोटंच का?

जुन्या युरोपीय भयकथेत भूत वाड्यात किंवा गढीत राहायचं. वाड्याची एक सोय असते : तो सोडून जाता येतं. दार ओलांडलं की सुटलात. मोठ्या शहराचं उलट असतं. तिथे शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हेच आपल्याला माहीत नसतं, त्यामुळे अनोळखी माणसाची भीती ही तिथली रोजचीच भीती. छोटं शहर या दोन्हींच्या मध्ये येतं. तिथून निघून जाणं सोपं नाही, कारण शाळा तिथे, घर तिथे, वडिलांचं दुकान तिथे. आणि तिथे अनोळखी असं कोणी नाहीच. वाणी, पोस्टमन, शाळेतल्या बाई, सगळे तुम्हाला लहानपणापासून ओळखतात.

म्हणजे छोट्या शहरातली भीती ‘हा कोण आहे?’ अशी नसते. ती ‘याला माहीत होतं, मग हा बोलला का नाही?’ अशी असते. आमच्या मते या साऱ्या प्रकाराची किल्ली या प्रश्नात आहे.

आणि हा प्रश्न किशोरवयालाच का पडतो, तेही बघा. लहान मुलाला वाटतं, आईवडिलांना सगळं कळतं. मोठ्या माणसाला आपल्याला किती कमी कळतं याची सवय झालेली असते. तेरा-चौदाच्या वयात पहिल्यांदा लक्षात येतं की मोठ्यांना काही गोष्टी दिसत नाहीत, आणि काही दिसतात पण ते बोलत नाहीत. ही जाणीव भुताशिवायही पुरेशी भीतिदायक आहे. भूत नंतर येतं.

ब्रॅडबरीची जत्रा

या प्रकाराचा एक पाया १९६२ साली घातला गेला. रे ब्रॅडबरी हे अमेरिकी लेखक, जन्म १९२०, इलिनॉय राज्यातल्या वॉकीगन या गावचे. त्यांची कादंबरी ‘समथिंग विकेड धिस वे कम्स’. हे नाव शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मधल्या चेटकिणीच्या तोंडच्या ओळीवरून घेतलं आहे. कथेतलं गाव ग्रीन टाउन, आणि ते ब्रॅडबरींच्या वॉकीगनवरच बेतलेलं आहे.

दोन मित्र आहेत, विल हॅलोवे आणि जिम नाइटशेड. वय चौदाला टेकलेलं. एकाचा जन्म मध्यरात्रीच्या एक मिनिट आधीचा, दुसऱ्याचा एक मिनिट नंतरचा. ऑक्टोबर महिन्यात, म्हणजे तिकडे जत्रेचा हंगाम संपून गेल्यावर, रात्रीच्या गाडीने एक जत्रा गावात उतरते. तिच्यात लाकडी घोड्यांचं एक गोल चक्र आहे. ते सरळ फिरलं की बसणाऱ्याचं वय दर फेरीला एका वर्षाने वाढतं, उलटं फिरलं की एका वर्षाने कमी होतं.

आता बघा, हे यंत्र कोणावर जबरदस्ती करत नाही. ते फक्त विचारतं : तुला काय हवंय? जिमला लवकर मोठं व्हायचंय. विलचे वडील ग्रंथालयात झाडलोट करतात, त्यांचं वय ५४, आणि मुलाबरोबर धावता येत नाही याची त्यांना खंत आहे. शाळेतल्या फोलीबाईंना पुन्हा तरुण व्हायचंय. बाईंना जे हवं ते मिळतं, जरा जास्तच मिळतं. त्या एक लहान मुलगी होऊन बसतात, झाडाखाली रडत, आणि गावात त्यांना ओळखणारं कोणी उरत नाही. कादंबरीत रक्तपात फारसा नाही. पण ज्यांनी ती वाचली ते हा प्रसंग विसरत नाहीत.

या कादंबरीचा जन्मही मजेशीर आहे. १९४८ मध्ये ब्रॅडबरींनी याच कल्पनेवर एक छोटी कथा लिहिली होती. पुढे अभिनेते जीन केली यांच्यासाठी तिची पटकथा केली. चित्रपटाला पैसा उभा राहिला नाही, म्हणून तिची कादंबरी झाली. चित्रपट आला तो थेट १९८३ मध्ये.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. पहिली : जत्रा पूर्वीही येऊन गेली होती हे विलच्या वडिलांना ग्रंथालयातल्या जुन्या कागदपत्रांतून कळतं. दुसरी : जत्रेचा पराभव हसण्याने होतो. वडील स्वतःच्या म्हातारपणाला घाबरायचं सोडून त्याच्यावर हसतात, आणि जत्रेचा धाकच संपतो. पण हे होतं कधी? बाप मुलाचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतो, त्यावर विश्वास ठेवतो, त्यानंतर. या प्रकारात ऐकून घेणारा मोठा माणूस दुर्मीळ असतो. ब्रॅडबरींनी तो दिला.

किंग यांचं गाव

दुसरा पाया स्टीफन किंग यांचा. जन्म १९४७, मेन राज्यातला. त्यांची दुसरी प्रकाशित कादंबरी ‘सेलम्स लॉट’, १९७५ सालची. कल्पना साधी : ड्रॅक्युला विसाव्या शतकातल्या अमेरिकेत आला तर? किंग यांनी त्याला न्यूयॉर्कमध्ये उतरवलं नाही. त्यांनी त्याला एका छोट्या गावात आणून ठेवलं, कारण तिथे जो तो आपल्या उंबऱ्याच्या आत. एकेक घर अंधारात जातं, दुकानं उघडत नाहीत, माणसं दिवसा दिसेनाशी होतात, आणि तरी गाव म्हणतं, ‘बरं नसेल, साथ आली असेल.’

त्यात मार्क पेट्री नावाचा बारा वर्षांचा मुलगा आहे. मेलेला मित्र रात्री त्याच्या खिडकीशी येतो आणि आत घे म्हणतो. मार्क काय करतो? त्याच्या खोलीत राक्षसांच्या खेळण्यांचा संच आहे, त्यातल्या कबरीवरचा प्लॅस्टिकचा क्रूस तो उचलतो आणि मित्रापुढे धरतो. भयपटांचा आणि भयकथांचा त्याला नाद आहे, म्हणून समोर काय आहे हे त्याला पटकन कळतं. मोठी, शिकलेली माणसं ‘असं कसं होईल?’ यावर तासन्‌तास घालवतात आणि तेवढ्यात रात्र होते. शेवटी वाचणाऱ्या दोघांपैकी एक हा मार्क. आमच्या त्या बाई आज इथे असतील, तर त्यांनी हा प्रसंग मनात टिपून ठेवावा.

मग १९८६ सालची ‘इट’. पहिल्या आवृत्तीत अकराशेच्या वर पानं. गाव डेरी, आणि ते किंग राहत होते त्या बँगोर शहरावर बेतलेलं. गावाच्या गटारांत काहीतरी आहे. ते साधारण सत्तावीस वर्षांनी जागं होतं, मुलांना नेतं आणि पुन्हा झोपतं. सात मुलांचा एक गट त्याच्या विरोधात उभा राहतो : एक तोतरा, एक लठ्ठ, एक दम्याचा, एक ज्यू, एक कृष्णवर्णीय, एक चुरूचुरू बोलणारा आणि एक मार खाणारी मुलगी. शाळेत ज्यांना कोणी जवळ करत नाही, अशी सगळी.

या कादंबरीतला एक प्रसंग आम्हाला संपूर्ण प्रकाराचं सार वाटतो. बेव्हर्ली ही ती मुलगी. न्हाणीघरातल्या बेसिनमधून रक्त उसळतं, भिंतींवर, आरशावर सगळीकडे उडतं. ती किंचाळते. बाप धावत येतो, बघतो आणि विचारतो, काय झालं? त्याला काहीच दिसत नाही. तो तिथे उभा आहे, त्याचा हात रक्ताला लागतोय, आणि त्याला दिसत नाही. दुसऱ्या दिवशी ती मित्रांना घेऊन येते. त्यांना दिसतं. ती मुलं जास्त काही बोलत नाहीत. बादली घेतात, फडकी घेतात, आणि सगळी मिळून ते न्हाणीघर पुसून काढतात.

बेव्हर्लीचा बाप तिला मारतो. हे घर बाहेरून नीटनेटकं आहे. त्या रक्ताचा अर्थ सांगायला मग वेगळा पंडित लागत नाही. घरात जे चाललंय ते घरच्याला दिसत नाही, शेजाऱ्याला दिसत नाही, मैत्रिणीला दिसतं. आणि ‘मला दिसतंय’ एवढं कोणी म्हणालं, की ते पुसण्याची सुरुवात होते.

डेरीचा इतिहासही किंग यांनी असाच लिहिलाय. दर चक्रात गावाने स्वतः काहीतरी भयंकर केलेलं आहे. एकदा कृष्णवर्णीय सैनिकांचा एक क्लब वंशद्वेषी लोकांनी पेटवून दिला होता. राक्षस गटारात आहे हे खरं, पण काडी ओढणारे हात गावातल्याच माणसांचे. हा इतिहास कोण जपतं? सातांपैकी सहा जण गाव सोडून जातात आणि सगळं विसरतात. एकटा माइक हॅनलन मागे राहतो आणि गावाचा ग्रंथपाल होतो. पुन्हा ग्रंथालय! ज्या गावाला विसरायचं असतं, तिथे आठवण ठेवण्याची एक तरी जागा लागते.

एक स्पष्ट करायला हवं. किंग यांच्या या दोन्ही कादंबऱ्या मोठ्यांसाठी लिहिलेल्या आहेत, आणि ‘इट’मध्ये मुलांच्या हाती देऊ नये असा मजकूर आहे. पण नायक मुलं असल्यामुळे त्यांचा सांगाडा पुढच्या किशोर साहित्याने जसाच्या तसा उचलला. आर. एल. स्टाइन यांची ‘फिअर स्ट्रीट’ मालिका १९८९ मध्ये सुरू झाली, ती मात्र खास किशोरांसाठी. गावाचं नाव शेडीसाइड. आणि २०१६ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ तुम्हा-आम्हा सगळ्यांना माहीत आहेच : इंडियाना राज्यातलं हॉकिन्स हे काल्पनिक गाव, १९८३ साल, सायकलीवरून घरी निघालेला एक मुलगा नाहीसा होतो.

खरं गाव : सेलम

आता कादंबऱ्या बाजूला ठेवू. कारण अमेरिकी लेखक छोट्या गावाला इतकं का घाबरतात, याचं एक कारण त्यांच्या इतिहासात आहे.

१६९२ चा हिवाळा. मॅसॅच्युसेट्समधलं सेलम व्हिलेज. तिथल्या धर्मगुरूच्या घरात ९ वर्षांची त्यांची मुलगी आणि ११ वर्षांची भाची यांना झटके येऊ लागले. वैद्याने सांगितलं, ही चेटूकविद्या. मुलींनी नावं घेतली. मग इतर मुलींनीही घेतली. वर्ष सरता सरता दीडशेहून अधिक माणसांवर आरोप झाले. १९ जणांना फाशी दिली. एका वृद्ध माणसाने कोर्टापुढे आपलं म्हणणं मांडायला नकार दिला, म्हणून त्याच्या छातीवर दगड रचून त्याला मारलं. काही जण तुरुंगातच गेले. कैद झालेल्यांत जेमतेम चार-पाच वर्षांची एक मुलगीही होती. तिच्या आईला फाशी झाली.

आणि इथे आपल्याला थोडं थांबायला हवं. आतापर्यंत आपण काय म्हणत आलो? मोठे मुलांचं ऐकत नाहीत आणि म्हणून अनर्थ होतो. सेलममध्ये तर मोठ्यांनी मुलींचं ऐकलं! अगदी शब्दाला शब्द खरा मानला, आणि वीस माणसं मेली. मग आपला सिद्धांत कोसळला का?

आम्हाला वाटतं, कोसळला नाही, पण त्याला एक दुरुस्ती लागते. सेलमच्या मोठ्यांनी ऐकलं ते त्यांना ऐकायचं होतं तेवढंच. गावात जमिनीवरून भांडणं होती, धर्मगुरूच्या नेमणुकीवरून तट पडले होते, आणि सुरुवातीला नावं आली ती बहुतेक अशांची, ज्यांच्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं. पुरावा काय घेतला? ‘अमकीची छाया माझ्या स्वप्नात येऊन मला चिमटे काढते’, असा. जो तपासताच येत नाही, असा. पुढे असला पुरावा धरू नये असं ठरलं, तेव्हा बहुतेक खटले आपोआप गळून पडले. आरोप करणाऱ्या मुलींमधली एक त्या वेळी १२ वर्षांची होती. तिने १७०६ मध्ये चर्चमध्ये सगळ्यांसमोर माफी मागितली. म्हणजे त्या मुलींचंही शेवटी कोणी ऐकलं नव्हतं. त्यांना काय होतंय हे कोणी विचारलं नाही. सगळे विचारत राहिले ते एवढंच, ‘कोणी केलं? नाव सांग.’

आता पुन्हा कादंबरीतल्या मुलांकडे बघा. ती मुलं काय करतात? एकमेकांच्या गोष्टी पडताळतात. ‘तू पाहिलंस ते आणि मी पाहिलं ते एकच का?’ असं विचारतात. ग्रंथालयात जातात, जुनी वर्तमानपत्रं काढतात, तारखा जुळवतात. चांगल्या भयकथेतला नायक आंधळा विश्वास ठेवणारा नसतो, आणि आंधळा अविश्वास ठेवणाराही नसतो. तो तपासतो. मोठी माणसं चुकतात ती या एका पायरीवर : ती एकतर उडवून लावतात, नाहीतर झुंडीत सामील होतात.

‘फिअर स्ट्रीट’वर २०२१ मध्ये तीन चित्रपट आले, त्यांनी हे सूत्र उघडपणे वापरलं. शेडीसाइड या गावात पिढ्यान्‌पिढ्या खून होतात आणि गाव म्हणतं, १६६६ साली फाशी दिलेल्या एका चेटकिणीचा हा शाप. शेजारचं सनीव्हेल मात्र सुखात. शेवटी कळतं की ती मुलगी चेटकीण नव्हतीच. सौदा केला होता एका प्रतिष्ठित घराण्याने, आणि त्याच घराण्यातला माणूस आज गावचा शेरिफ आहे. शापाची गोष्ट त्यांनी टिकवली, कारण ती त्यांच्या सोयीची होती. हे चित्रपट रक्तबंबाळ आहेत, लहान मुलांसाठी नाहीत. पण त्यांचा प्रश्न खरा आहे : गावात जी दंतकथा सांगतात, तिचा फायदा कोणाला होतो?

आपल्याकडे

आपल्या मातीशी याचं काय नातं? मराठीत किंग यांना आणलं ते नारायण धारप यांनी (१९२५–२००८). त्यांची ‘लुचाई’ ही कादंबरी ‘सेलम्स लॉट’वर आधारलेली आहे. त्यांची ‘आजी’ ही कथा किंग यांच्याच एका कथेवरून आली, आणि राही बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (२०१८) या चित्रपटातली साखळदंडात बांधलेली म्हातारी त्या वळणाची आहे. पण रूपांतरात एक बदल होतो, तो बघण्याजोगा आहे. अमेरिकी कथेत गुपित गावाचं असतं. आपल्याकडे ते सरकत सरकत वाड्यात येतं, घराण्यात येतं. अमेरिकी मुलगा विचारतो, ‘या गावात पूर्वी काय झालं?’ आपला मुलगा विचारतो, ‘आजोबांनी काय केलं?’

आणि आपल्याकडे किशोरवयाचं स्वतःचं भूतही आहे, मुंजा! मुंज झाली पण लग्नाआधीच गेला, तो मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो, अशी समजूत. २०२४ मध्ये आदित्य सरपोतदार यांच्या चित्रपटाने कोकणातला हा मुंज्या देशभर नेला. विचार करा, ज्याला मोठं होताच आलं नाही असं हे भूत. ब्रॅडबरींच्या लाकडी घोड्यांच्या चक्रावर बसायची घाई झालेला जिम आणि पिंपळावर अडकलेला मुंजा, दोघांची व्यथा एकाच उंबरठ्यावरची आहे.

एक फरकही सांगतो. तळकोकणात आणि गोव्यात गावाच्या वेशीवर राखणदार असतो. त्याला मान द्यायचा, तो गाव राखतो. म्हणजे संकट बाहेरून येतं, आणि सीमेवर कोणीतरी जागं आहे, ही कल्पना. डेरी किंवा शेडीसाइडमध्ये वेशीवर कोणी नाही, कारण संकट मुळात आतच आहे. कुठली कल्पना जास्त धीर देते, हे तुम्ही ठरवा. पण मुलाला दोन्ही माहीत असाव्यात असं आम्हाला वाटतं. बाहेरच्या धोक्याबद्दल आपण मुलांना रोज बजावतो. ओळखीच्या माणसाकडून असलेल्या धोक्याबद्दल बोलायला मात्र आपली जीभ रेटत नाही. या कथा ते बोलतात.

तर मग पुस्तकं काढून घ्यावीत का?

बाईंना आमचं उत्तर असं. पुस्तक कुठलं आहे ते जरूर बघा. मुखपृष्ठावर शाळेची मुलं आहेत म्हणून आतला मजकूर मुलांसाठीच असेल असं नाही, हे आपण वर पाहिलंच. झोप पार उडत असेल, दिवसाही भीती वाटत असेल, तर काही दिवस पुस्तक कपाटात ठेवा. पण काढून घेऊन प्रश्न मिटवू नका. कारण पुस्तक काढून घेणारे आणि ‘काही नाहीये, झोप गुपचूप’ म्हणणारे आपण नकळत त्याच कथेतले मोठे होऊन बसतो.

त्याऐवजी तीन गोष्टी विचारा. या गावात काय लपवलंय? ते कोणाला माहीत होतं? आणि मुलांचं पहिल्यांदा कोणी ऐकलं? उत्तरं पुस्तकाबद्दलच येतील. पण कधी कधी पुस्तकाच्या आडून दुसरंच काही येईल, शाळेच्या बसमधलं, शिकवणीतलं, ओळखीतल्या कोणाचं. तेव्हा ऐकायला तुम्ही तिथे असाल. दार उघडं ठेवायला सांगितलंय तिने, ते ठेवा की. त्यात बिघडलं काय?

शेवटी एक खरी घटना सांगून थांबतो. सेलमच्या त्या प्रकरणात सर्वाधिक आरोपी अँडोव्हर या शेजारच्या गावचे होते. त्यांतली एक एलिझाबेथ जॉन्सन ज्युनिअर, वय २२. तिला १६९३ मध्ये फाशीची शिक्षा झाली. गव्हर्नरने ती थांबवली, त्यामुळे ती वाचली, पण गुन्हा नावावर राहिला. पुढे १९५७ मध्ये आणि २००१ मध्ये इतरांची नावं कायद्याने निर्दोष ठरवली गेली. हिचं नाव राहूनच गेलं. नॉर्थ अँडोव्हरच्या शाळेत आठवीच्या मुलांना नागरिकशास्त्राच्या वर्गात ही गोष्ट कळली. तेरा-चौदा वर्षांची मुलं. त्यांनी जुनी कागदपत्रं वाचली, लोकप्रतिनिधींना पत्रं लिहिली, पाठपुरावा केला. जुलै २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्सने कायदा करून तिला निर्दोष ठरवलं. ३२९ वर्षांनी.

गावाने पोटात घातलेली गोष्ट, जुने कागद, आणि ती उकरून काढणारी आठवीची मुलं. कादंबरीचा सांगाडा जसाच्या तसा, फक्त भूत नाही. आणि या वेळी मोठ्यांनी ऐकलं.

पुढच्या वेळी येताना आपापल्या गावातली एक दंतकथा आणा. कुठल्या विहिरीवर संध्याकाळनंतर जाऊ नये म्हणतात, कुठला वाडा टाळतात, आणि ते का, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून या. उत्तर देताना ते कुठे थबकतात, तेवढं मात्र नीट बघा.